मागावरचं हरीण

आमच्या कलासंग्रहालयाने दोन वर्षांनंतर पुन्हा प्रत्यक्ष कार्यक्रम सुरू करायचे ठरवले, तेव्हा ते ठरवण्याची बैठक ऑनलाइन झाली. यात काही गंमत आहे असे समितीतल्या कुणालाच वाटले नाही. अध्यक्ष त्यांच्या घराच्या गच्चीत बसले होते आणि मागे वाळत घातलेली चादर मधूनमधून फुगून त्यांचे डोके झाकत होती. "आता माणसाला माणूस भेटला पाहिजे," ते चादरीआडून म्हणाले. सगळ्यांनी पडद्यावर अंगठे दाखवले.

अध्यक्ष म्हणजे शहरातले जुने सर्जन. निवृत्त झाल्यावर हाताला काम हवे म्हणून त्यांनी संग्रहालय हाती घेतले होते. संग्रहालयाचा रोजचा कारभार पुण्याहून शिकून आलेल्या एक तरुण बाई पाहत. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या कामसू होत्या आणि त्यांना प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसे. आणि समितीत मी. तीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवून सोलापूरच्या जुळे सोलापूर या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये विसावलेला. निमंत्रणपत्रिका लिहायची, पाट्या लिहायच्या आणि माइक धरून सूत्रसंचालन करायचे, यासाठी मला समितीत घेतलेले होते. मोठेपणाची मला लहानपणापासून ऍलर्जी आहे, त्यामुळे मी सतत मोठ्या लोकांच्या शेजारी माइक घेऊन उभा असतो. याचा अर्थ मॅडमना विचारला नाही.

संग्रहालय सात रस्ता चौकाच्या मागच्या बाजूला एका जुन्या गिरणीवाल्याच्या बंगल्यात आहे. वरच्या मजल्यावर पागोटी घालून खुर्चीच्या हातावर हात टाकून बसलेल्या पुरुषांची तैलचित्रे. त्यांनी काय काय केले ते खालच्या पाट्यांवर लिहिले आहे, आणि त्या पाट्या मीच लिहिलेल्या असल्यामुळे त्यांवर फार विसंबू नये. खाली वस्त्रदालन आणि त्यात एक हातमाग. लोक खरे तर मागासाठी यायचे. तैलचित्रे पाहून कुणी दुसऱ्यांदा आलेले मला आठवत नाही.

दर रविवारी अकरा वाजता भवानी पेठेतून एक म्हातारे विणकर सायकलवर येत आणि मागावर बसून तासभर विणत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि दोन्हीकडे बोलणे बेताचे. म्हणून ते विणायचे आणि मी शेजारी उभा राहून लोकांना सांगायचो: हा उभा तो ताणा, हा आडवा तो बाणा, बाणा इकडून तिकडे नेतो तो हा धोटा, ताण्याचे धागे जिच्या दातांतून ओवलेत ती ही फणी. पहिल्या वर्षी मी बरेचसे मनाने सांगत असे. चुकले की अण्णा धोटा थांबवून माझ्याकडे न बघता म्हणत, "तसं न्हाय, सर." मी लोकांना सांगे, "तसं नाही." असे आमचे चालले होते.

मग त्या मार्चात सगळे बंद झाले. अण्णा एक भिंतीवर लावायचा पडदा विणत होते, आपल्याकडे त्याला वॉल हँगिंगच म्हणतात. झाडाखाली उभे असलेले हरीण. असे पडदे खालून वर विणत जातात, म्हणजे आधी गवत, मग खूर, मग पाय, मग पोट. बंद झाले त्या रविवारी हरणाची मान आली होती आणि डोके यायचे होते. अण्णांनी ताण सैल केला, कापडावर जुने धोतर झाकले आणि म्हणाले, "पुढच्या रैवारी तोंड."

तो रविवार दोन वर्षांनी येणार होता.

मधल्या काळात आम्ही कार्यक्रम ऑनलाइन केले. तैलचित्रांवर सहा व्याख्याने झाली. श्रोत्यांत वक्त्याचे नातेवाईक आणि मी. मॅडमनी अण्णांचेही प्रात्यक्षिक ठेवले. माग संग्रहालयात कुलपाआड आणि अण्णा भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत, ही अडचण मी सांगितली. "हातांची लय दाखवू दे ना सर, लोकांना हात बघायचे असतात," मॅडम म्हणाल्या. सुनेने फोन डब्याला टेकवून उभा केला आणि अण्णांनी पलंगावर बसून अर्धा तास हवेत धोटा फेकला. पाय हलत होते ते दिसत नव्हते. मी माझ्या घरातून सांगत होतो, हा ताणा, हा बाणा. संपल्यावर अण्णांनी फोनकडे वाकून विचारले, "झालं का? कोण बघत होतं?" मी म्हणालो, खूप जण. आम्ही चौघे होतो.

दुसऱ्या लाटेत अण्णांची बायको गेली. समितीने ऑनलाइन श्रद्धांजली वाहिली. दोन मिनिटे शांतता ठरली होती. एका सदस्यांचा माइक बंद करायचा राहिला होता आणि त्यांच्या घरी कुकर लावलेला होता. तीन शिट्ट्या झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद."

तर ती बैठक. पहिल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचे उद्घाटन कसे करायचे यावर पाऊण तास झाला होता. फीत कापणे जुनाट आहे, असे मॅडमचे म्हणणे. कुणी फुगे सुचवले, कुणी रोपाला पाणी, कुणी कळ दाबून पडदा बाजूला सारण्याचे यंत्र. "काहीतरी इथल्या मातीतलं हवं," मॅडम म्हणत होत्या. मी कॅमेरा बंद करून लसूण सोलत होतो. मला कंटाळा आला होता आणि कंटाळा आला की मी विनोद करतो, ही माझी जुनी खोड आहे. मी म्हणालो, "एवढंच असेल तर मागावर ते अर्धं कापड लटकतंय ना, तेच कापा. फितीपेक्षा रुंद आहे, फोटोत छान दिसेल."

कॉलेजात हे बोललो असतो तर समोरच्या बाकांवर हसू फुटले असते. ऑनलाइन बैठकीत उपरोध पोहोचत नाही. तारेत कुठेतरी गळून पडतो आणि पलीकडे नुसती सूचना पोहोचते. मग मॅडमचा आवाज आला. "सर... किती सुंदर."

"दोन वर्षं थांबलेलं कापड," अध्यक्ष म्हणाले. "वा. म्हणजे थांबलेला काळच मोकळा केला म्हणायचा."

आता इथे मी "अहो, मी थट्टा केली" एवढे चार शब्द बोलायला हवे होते. बोललो नाही. त्याचे कारण सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे: दोन वर्षांत माझ्या बोलण्याला कुणी सुंदर म्हटलेले नव्हते. मी लसणाची एक पाकळी सोलली. ठराव एकमताने मंजूर झाला. कात्रीची निवड अध्यक्षांनी स्वतःकडे घेतली.

पत्रिका मी लिहिली. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक व पाहुण्यांचे मनोगत, सत्कार आणि चौथ्या क्रमांकाला "वस्त्रविमोचन". हा शब्द मी त्या दिवशी घडवला. कापणे लिहिले असते तर लोकांना कळले असते काय होणार ते.

पत्रिका द्यायला भवानी पेठेत मी स्वतः गेलो. म्हटले, अण्णांना समोर बसून सांगू. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे बाहेर दोघांनी ओरडून एकमेकांचे क्षेम विचारले आणि आत जाऊन दार लावले. सुनेने चहा आणला. भिंतीवर बायकोचा फोटो, हार ताजा.

अण्णांनी पत्रिका डोळ्यांच्या अगदी जवळ धरली, मग लांब धरली, मग सुनेकडे दिली. "आता बारीक दिसत न्हाय, सर. डाव्या डोळ्यानं तर न्हाईच." सुनेने वाचून दाखवले. चौथ्या क्रमांकाशी ती अडखळली. "म्हंजे काय?"

"मागापाशी छोटा कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

"चालवायचा का माग?" अण्णांनी विचारले.

"नाही. सन्मान आहे."

"मागाचा?"

"हो."

"बरं हाय," अण्णा म्हणाले. "लई दिस एकटा हाय त्यो."

मग ते आपणहून बोलू लागले. इतके बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. हरणाचे तोंड विणायचे कसे ते त्यांनी दोन वर्षे मनात ठरवून ठेवले होते. वळून मागे बघणारे. त्याला फार बघावे लागत नाही, धागे मोजायचे असतात आणि मोजायला डोळे लागत नाहीत, बोटे लागतात. चार रविवारांत पुरे होईल. "मग त्ये कापड उतरवायचं. पन टोकं ठेवायची."

टोकांचे महत्त्व मला ठाऊक होते, दर रविवारी मीच लोकांना सांगत होतो. ताणा संपत आला की विणकर तो मुळापासून काढून टाकत नाही. जुन्या धाग्यांची टोके फणीत तशीच राखतो, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला राख लावलेल्या बोटांनी पीळ देऊन जोडतात. मग सगळे मिळून पुढे ओढले की नवे धागे जुन्यांच्या पाठोपाठ फणीतून येतात. ही जोडणी बायका करतात. मागावरच्या त्या ताण्याची जोडणी अण्णांच्या बायकोने केली होती. तीन दिवस ती वस्त्रदालनात मागाच्या मागे जमिनीवर बसून होती, बशीत राख घेऊन. लोकांनी तिचे फोटो काढले नाहीत, कारण ती मागाच्या मागे बसली होती.

"ही म्हनती, शिकली मी जोडनी," अण्णा सुनेकडे हात करून म्हणाले. "हिच्या सासूनंच शिकवली. आता तिनं जोडल्याल्या टोकाला ही जोडंल. तेवढं झालं की माझं झालं. फणीत नव्यानं धागं भरायचं म्हटलं तर मला आता जमायचं न्हाय, सर. त्येला दोन मानसं लागत्यात, डोळं लागत्यात. आता भवानी पेठेत हातमागाचं कोन हाय? समदे यंत्रावर."

मी चहा प्यालो. चहात आले जास्त झाले होते, असे म्हणालो. सून म्हणाली, पुढच्या वेळी कमी घालीन. मी निघालो. यंत्रमागांच्या गल्लीत बोलता येत नाही, ही मोठी सोय असते.

घरी येऊन मी मॅडमना फोन केला, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. म्हणालो, अण्णांना ते कापड पुरे करायचे आहे.

"हो सर, पण पुरं झालं तर मग ते नुसतं एक वॉल हँगिंग होईल," त्या म्हणाल्या. "अपूर्ण आहे म्हणून तर त्यात काळ आहे."

"त्यांच्या बायकोनं जोडलेले धागे आहेत ते."

"खरंच?" त्या म्हणाल्या. "सर, हे तुम्ही माइकवर सांगा. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"कापल्यावर फणीतून धागे निघून जातील."

"अण्णा बसवतील ना परत. तेच तर प्रात्यक्षिक होईल." मग त्या म्हणाल्या, "आणि पत्रिका वाटून झाल्यात, सर." पत्रिका वाटून झाल्यावर सोलापुरात काही बदलत नाही. लग्ने लागतात, सभा होतात. मी म्हणालो, बरं.

कार्यक्रमाच्या दिवशी दारात कपाळासमोर धरायचे यंत्र ठेवले होते. त्या यंत्राप्रमाणे आलेले सगळे लोक मेलेल्यांइतके थंड होते. यंत्र धरणारा प्रत्येकाला "ओके" म्हणून आत सोडत होता. मास्क हनुवटीवर, हातात पाण्याची बाटली, सगळीकडे "अहो, किती दिवसांनी" चालले होते. दोन वर्षे जे एकमेकांवाचून मजेत राहिले होते ते एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते.

प्रमुख पाहुणे टॉवेलचे मोठे कारखानदार. ते पाऊण तास उशिरा आले, म्हणजे आमच्याकडच्या मानाने वेळेवर. माग पॉलिश करून ठेवला होता. तो चकाकत होता आणि त्याला लग्नातल्या फर्निचरचा वास येत होता. अण्णांनी झाकलेले धोतर कुणीतरी फरशी पुसायला घेतले होते. आणि फोटोत सुरकुती नको म्हणून शिपायाने मागाची दांडी फिरवून कापड ढोलकीसारखे ताणून ठेवले होते. हे मी पाहिले. विणकर कापड उतरवण्याआधी ताण सैल करतो आणि धागे मूठमूठ धरून गाठी मारून घेतो, नाहीतर ताणलेला धागा तुटला की मागे पळतो. हेही मी दर रविवारी लोकांना सांगत आलो होतो. मी माइक तपासला. "हॅलो, हॅलो." आवाज छान येत होता.

अण्णा पहिल्या रांगेत कडेला बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी. खुर्चीवर "कलाकार" अशी चिठ्ठी होती. ती त्यांच्या पाठीला चिकटली होती. मला पाहून त्यांनी हात जोडले आणि मागाकडे हनुवटी करून विचारले, "ताणलाय का त्यो?" मी ऐकू न आल्यासारखे केले. चौघडा लावलेला होता, त्यामुळे ते शक्य झाले.

दिवा तीन काड्यांत लागला. प्रास्ताविकात अध्यक्षांनी दोन वर्षांचा आढावा घेतला, म्हणजे काहीच न झाल्याचा, आणि त्याला वीस मिनिटे लागली. पाहुण्यांच्या भाषणात हातमाग जगला पाहिजे हे वाक्य तीनदा आले. मग सत्कार. मी अण्णांना वर बोलावले. त्यांच्या खांद्यावर शाल आली, डाव्या हातात नारळ आला, उजव्या हातात पाहुण्यांच्या कारखान्यातल्या टॉवेलचा बांधलेला गठ्ठा आला, काखेत मानपत्र आले. मानपत्र मी लिहिले होते. त्यात "धाग्यांतून काळ गुंफणारे हात" असे काहीतरी होते. ते हात आता नारळ आणि टॉवेल यांत अडकले होते.

"अण्णा, इथंच थांबा," मॅडम म्हणाल्या, "फोटोत पाहिजे तुम्ही." आणि त्यांना मागाच्या बाजूला उभे केले. चौघड्याचा आवाज वाढवला. सुशोभित तबकातून कात्री आली. ती अध्यक्षांच्या घरची होती, लांब पात्यांची, स्वच्छ.

माझ्या हातातल्या कागदावर लिहिले होते: "आणि आता, ज्या क्षणाची आपण दोन वर्षे वाट पाहिली..." मी ते वाचले. बायकोच्या धाग्यांचेही वाचले, कारण मॅडमनी तांबड्या शाईने लिहून दिले होते. मॅडमचे बरोबर होते. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना रुमाल लावला.

पाहुणे कात्री घेऊन वाकले आणि थांबले. त्यांचे आजोबा हातमागावर बसत असत, हे त्यांनी भाषणात सांगितलेच होते. ते हळूच अध्यक्षांना म्हणाले, "डॉक्टर, हे पूर्ण नाही दिसत. आणि धागे बांधले नाहीत."

"तेच तर प्रतीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "हं, इकडं बघा कॅमेऱ्यात."

पाहुण्यांनी कॅमेऱ्यात पाहिले. ज्याला त्या खोलीत अण्णांखालोखाल कळत होते त्या माणसाने एवढे विचारले, आणि उत्तर मिळाल्यावर कापले. मी त्यांना दोष देत नाही. मला तर त्यांच्याआधी महिनाभर कळत होते.

अण्णांना कात्री दिसली ती तबकात नव्हे, हरणाच्या मानेपाशी टेकली तेव्हा. ते "थांबा" म्हणाले. मी शेजारी होतो, मी ऐकले. त्यांनी उजवा हात वर केला, टॉवेलच्या गठ्ठ्यासकट. समोरच्यांना वाटले, आनंदाने हात वर केला. टाळ्या पडल्या. कात्री काठाकडून काठाकडे चालली आणि तिच्या मागोमाग धागे सुटत गेले. आवाज मोठा नव्हता. वाळूवर पाऊस पडावा तेवढाच होता. एकेक धागा फणीतून मागे सरकला, निसटला, आणि मागाच्या पलीकडे, जिथे अण्णांची बायको बसली होती तिथे, ढीग झाला. पाहुण्यांनी हरणाचे धड उचलून दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरले.

अण्णांनी नारळ खाली ठेवला. टॉवेल ठेवले. ते गुडघ्यावर बसले आणि मागच्या ढिगात हात घालून टोके शोधू लागले, शालीसकट.

"अण्णा, राहू दे, झाडणारे येतील," मॅडम म्हणाल्या. "आधी फोटो."

फोटो झाला. तो अजून संग्रहालयाच्या दारात लावलेला आहे. पाहुण्यांचा हात अण्णांच्या खांद्यावर आहे आणि अण्णांच्या मुठीत धाग्यांची एक गुंडी आहे. लोकांना ती पुष्पगुच्छासारखी वाटते.

आभाराला अध्यक्ष उभे राहिले तेव्हा अण्णा दालनाबाहेर गेले. मी माइक अध्यक्षांच्या हाती देऊन मागोमाग गेलो. ओसरीवर सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, बशा मांडून ठेवल्या होत्या. अण्णा खांबाशी उभे राहून मुठीतले धागे बोटांनी विंचरत होते. एकही टोक दुसऱ्याशी जुळत नव्हते.

"सर," ते म्हणाले, "हे कुनाच्या डोक्यातनं आलं?"

"समितीचा ठराव होता, अण्णा."

"ठराव न्हवं. म्हनलं कोन पैलं? मॅडम का?"

"बैठकीत असं एकाचं नसतं. सगळ्यांचं असतं."

"तुमी चा प्यायला आल्ता, तवा झाल्ता ठराव?"

मी एक बशी उचलली आणि पुन्हा ठेवली. ओसरीवर कोपऱ्यात कर्णा लावलेला होता, बाहेरच्यांना ऐकू यावे म्हणून. त्यातून अध्यक्षांचा आवाज आला. "...आणि शेवटी, या संपूर्ण कार्यक्रमाचा आत्मा असलेली ही कल्पना, फितीऐवजी मागावरचं वस्त्र, ज्यांनी पहिल्याच बैठकीत मांडली, ते आमचे सर. सर कुठे आहेत? ते नेहमीप्रमाणे मागे आहेत. सरांसाठी जोरात टाळ्या." आत टाळ्या झाल्या, सत्काराच्या टाळ्यांपेक्षा जास्त वेळ चालल्या.

अण्णा कर्ण्याकडे बघत होते. टाळ्या संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "व्हय का." धागे त्यांनी शर्टाच्या खिशात घातले, सायकल काढली आणि गेले. शाल अंगावर तशीच होती. नारळ, टॉवेल आणि मानपत्र मागापाशीच राहिले. ते दुसऱ्या दिवशी शिपायाच्या हाती भवानी पेठेत पोचवले, अशी नोंद आहे.

हरणाचे धड काचेत बसवून वस्त्रदालनात लावले. खाली मॅडमनी पाटी केली, "अपूर्णतेचा उत्सव", आणि मला मजकूर तपासायला दिला. मजकुरात चूक नव्हती.

मला वाटले, अण्णा आता येणार नाहीत. खरे सांगायचे तर मी तशी आशाच धरून होतो. पुढच्या रविवारी अकराला पाच कमी असताना सायकल लागली. पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेच होते: दर रविवारी अकरा ते बारा, हातमागाचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक. त्यांनी शब्द दिला होता आणि आम्ही छापला होता. वीसेक लोक जमले होते, फोन हातात धरून.

माग रिकामा होता. झाडणाऱ्यांनी ढीग उचलून नेला होता. फणीच्या दातांतून पलीकडची खिडकी दिसत होती.

"मॅडम, ताणा न्हाय," अण्णा म्हणाले.

"हो अण्णा, ते सगळं नव्याने भरायचं तर पुढच्या बैठकीत विषय घेऊ," मॅडम म्हणाल्या. "तोवर नुसता चालवा ना. लोकांना आवाज ऐकायचा असतो. ऑनलाइनला तर तुम्ही मागाशिवाय केलं होतं, आता निदान माग आहे."

अण्णा मागावर चढून बसले. पायाखालच्या फळ्या पॉलिशने चिकटल्या होत्या, त्या त्यांनी दोनदा दाबून मोकळ्या केल्या. मग माझ्याकडे पाहिले, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"सर, या की. लांब का?"

मी पुढे झालो.

"काय सांगू लोकांना?" मी हळू आवाजात विचारले.

"त्ये मी काय सांगनार?" अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. रविवारी बोलत तेवढेच आणि तसेच बोलले. "तुमाला सुचतंय की चांगलं."

त्यांनी दोरी ओढली. धोटा रिकाम्या फळीवरून पलीकडे गेला आणि लाकडावर आपटून परत आला. धागे नसल्यामुळे आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. लोक चित्रण करू लागले. मी घसा साफ केला आणि जिथे काही नव्हते तिथे बोट करून म्हणालो, हा उभा तो ताणा. अण्णा धोटा थांबवतील, "तसं न्हाय, सर" म्हणतील, म्हणून मी थांबलो. ते थांबले नाहीत. मी पुढे म्हणालो, हा आडवा तो बाणा.

"किती येळ, मॅडम?" मध्येच त्यांनी विचारले.

"बारापर्यंत, अण्णा."

ते बारापर्यंत चालवत राहिले. मीही बारापर्यंत बोललो.